गार पाण्याची तक्रार

आमच्या धंद्यात लोक अंघोळ अर्धवट टाकून फोन करतात. डोक्याला साबण, कमरेला टॉवेल, दातांवर दात वाजतायत आणि फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, "पगारे, शॉवर अचानक गार पडला हो!" नाशिकची थंडी ज्याने अंगावर घेतली आहे त्यालाच या वाक्यातला आकांत कळेल. माझी उभी हयात तो आकांत ऐकण्यात गेली. नाशिक रोडला राहतो, गिझर दुरुस्त करायचो. आता गुडघ्यांनी आणि मुलीने संगनमत करून मला घरी बसवलं आहे. तरी डिसेंबर लागला की सकाळी सकाळी कुठेही फोन वाजला तर माझा हात पान्याकडे जातो.

बाहेरच्या माणसाला गिझर म्हणजे भिंतीवरचा डबा वाटतो. त्यातही विजेचा वेगळा, गॅसचा वेगळा. गॅसच्या गिझरमध्ये पाणी साठवलेलं नसतंच. नळ सोडला की पाण्याच्या जोराने आतला रबरी पडदा सरकतो, सेलवर ठिणगी पडते, गॅस सुटतो, जाळ लागतो, आणि जाळावरच्या तांब्याच्या नळीतून जाता जाता पाणी तापतं. त्यामुळे जाळ विझला की पाणी हळूहळू कोमट होत नाही. एकदम गार पडतं. अंगावर कढत पाणी येत असताना टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी डोक्यावर कोसळतं.

मग मी कारण शोधायचो. पाण्याचा जोर कमी झालाय का, जाळीत गाळ अडकलाय का, सिलिंडर संपत आलाय का. आणि सगळ्यांत आधी सेल. एका घरी दोन्ही सेल जागेवर नव्हतेच. आजोबांनी ते आपल्या टॉर्चला घातले होते आणि वर मलाच सांगत होते, की हल्लीच्या मशिनी टिकत नाहीत. अशा तक्रारी मला आवडायच्या. पाच मिनिटांचं काम, वर चहा, आणि घरातल्यांना आजोबांवर हसायला दिवसभराचं निमित्त.

पण एक तक्रार अशी निघाली की तेव्हापासून 'गार पडला' हे शब्द मला साधे वाटेनासे झाले.

नाना बोरस्ते हे निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांच्या पत्नी कुसुमवहिनींना संधिवाताने घेरलं होतं. बोटं वाकडी झालेली, गुडघे सुजलेले. उपचाराला रोज गावाहून येणं झेपेना म्हणून नानांनी नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने घेतला होता. नाना बागेत आणि फ्लॅटवर, असे दोन्हीकडे पळायचे. वहिनींना सकाळी गरम पाण्याखाली बसलं तरच दिवसभर हालचाल करता यायची. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्या बराच वेळ शॉवर घेत. आणि तोच शॉवर मधेच गार पडत होता.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाना दारातच होते. उंचपुरा माणूस, आवाज शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा.

"मिस्तरी, बघा बरं काय झालंय त्याला. मंडळी काल पाण्याखाली बसलेली, एकदम बर्फावानी पाणी आलं. असली किंचाळली, मला वाटलं पडलीच!"

मी बाथरूमचं दार उघडं टाकून गिझर सुरू केला. जाळ निळा, सरळ. पाणी कढत. जाळी साफ केली, सेल बदलले, गॅसची नळी तपासली. बराच वेळ चालवून ठेवला. काही नाही. खुशाल चालतोय.

"तुम्ही आलात की लाजतंय का काय ते!" नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा तेच. मी गेलो, पुन्हा माझ्यासमोर यंत्र शहाण्यासारखं वागलं. माझ्यासमोर चालणारा आणि माघारी बंद पडणारा गिझर म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यांत वाईट पाहुणा. बिघाड दिसत नाही, आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत आपल्याविषयीची शंका मात्र स्पष्ट दिसते.

शेवटी मी वहिनींनाच विचारलं. परक्या पुरुषाला आपण अंघोळ कशी करतो हे सांगायचं म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणारच. त्या खाली बघत, पदर बोटांत गुंडाळायचा प्रयत्न करत बोलत होत्या.

"काही नाही हो भाऊ. दार लावते. बसते. आधी छान असतं. मग जरा डोकं जड होतं, गरगरल्यासारखं. आणि मग पाणी गार पडतं."

"डोकं आधी जड होतं का पाणी आधी गार पडतं?"

त्यांनी विचार केला. "डोकं आधी. पण ते माझं बीपीचं असंल."

मी उठून पुन्हा बाथरूममध्ये गेलो आणि पहिल्यांदा नीट वर बघितलं. काचेच्या पट्ट्यांची एक छोटी खिडकी होती, डक्टमध्ये, म्हणजे दोन फ्लॅटमधल्या उभ्या मोकळ्या पोकळीत उघडणारी. तिच्यावर आतून जाड प्लास्टिक चारही बाजूंनी पक्कं चिकटवलेलं. मी आधी ते पाहिलं होतं, पण काच फुटली असेल म्हणून झाकलं असेल असं धरून चाललो होतो.

"ते मी लावलंय," नाना कौतुकाने म्हणाले. "बागेवर टाकायचं प्लास्टिक हाय, लय टिकाऊ. तिथनं वारं यायचं, तिला थंडी वाजायची."

मी नानांना म्हणालो, "मी आत जातो, दार लावून घेतो. तुम्ही बाहेर उभे राहा आणि माझ्याशी बोलत राहा. मी उत्तर दिलं नाही तर दार ढकला. कडी लावत नाही."

नानांना गंमत वाटली. मी दार लोटलं, गिझर सुरू केला आणि जाळाच्या बारीक खिडकीकडे बघत उभा राहिलो. वाफ दाटली. बाहेरून नाना विचारत होते, "हाय का मिस्तरी?" मी म्हणत होतो, "आहे." जाळ हळूहळू बदलला. निळा होता तो कडेने पिवळा झाला, मग जिभा काढल्यासारखा हलू लागला. माझ्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी अंगठे दाबल्यासारखं झालं. तेवढ्यात आत टक् असा आवाज आला, जाळ विझला आणि हातावरचं पाणी गार पडलं.

मी दार उघडून बाहेर आलो आणि दिवाणावर बसलो.

"सापडलं?" नानांनी विचारलं.

"सापडलं. गिझर बिघडलेला नाही, नाना. तो तुमच्या मंडळींना वाचवतोय."

मग समजावून सांगितलं. जाळाला हवा लागते. बंद खोलीत तो तीच हवा खातो जी माणूस घेतो. हवा कमी पडली की जाळातून विषारी वायू निघतो, ज्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि कळतही नाही. या गिझरमध्ये हवा कमी झाली की गॅस तोडणारा एक सेन्सर आहे. तो रोज गॅस तोडत होता. म्हणून पाणी गार पडत होतं.

नाना म्हणाले, "आयला."

प्लास्टिक मी तिथल्या तिथे फाडून काढलं. गिझर बाथरूममधून काढून मागच्या उघड्या बाल्कनीत लावायचा, तिथून फक्त गरम पाण्याची नळी आत आणायची, असं ठरलं. पण फ्लॅट भाड्याचा. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी हवी, आणि तो गावाला गेलेला. तोवर गिझर वापरायचा नाही, पाणी शेगडीवर तापवून घ्यायचं, हे मी दोघांनाही बजावलं. गिझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून नानांच्या हातात दिला. "हा कपाटात टाका," म्हणालो. नानांनी तो माझ्यासमोर कपाटात टाकला.

त्यानंतरच्या दिवसांत थंडीने कहर केला. निफाडची थंडी राज्यात गाजलेली आहेच. त्या आठवड्यात सकाळी गाडीच्या सीटवर दवाचा पांढरा थर दिसायचा. घरमालकाचा होकार आला तसा मी सकाळीच नाशिकच्या द्वारका चौकात गेलो, पाइप आणि जोड घ्यायला. दुकानदार शटर वर करत होता. म्हटलं नानांना कळवून टाकू.

फोनवर नानांच्या मागे माणसांचे आवाज येत होते.

"पगारे, मी बागेत हाय. पहाटेच आलो. पारा असला उतरलाय, द्राक्षाचे मणी तडकायला लागलेत. सगळीकडं शेकोट्या पेटवल्यात."

"पाइप घेऊन दुपारी येतो म्हणायला फोन केला."

"आता कशाला तरास घेता? झालं ते काम. काल एक जण आला, त्यानं दहा मिनिटात केलं. आता बंदच पडत नाय, एक नंबर चालतोय!"

"काय केलं त्याने?"

"काय नाय, कसला तो सेन्सर का काय तो काढला. म्हणला त्याचीच कटकट होती."

"नाना, खिडकी उघडी आहे ना?"

ते जरा घुटमळले. "प्लास्टिक परत लावलं रातच्याला. लय गार वारं येत होतं हो. तिचे गुडघे धरले होते, पाणी तापवून उचलायला तिला जमत नाय, आणि मी हा इथं..."

"वहिनी कुठे आहेत?"

"आत्ताच बोललो की. अंघोळीला चालले म्हणली."

शटर पूर्ण वर गेल्याचा आवाज मला आठवतो. त्यापुढे मी काय बोललो ते मला नानांनीच नंतर सांगितलं. म्हणे, मी त्यांच्यावर ओरडलो. "फोन लावा त्यांना, लावतच राहा! उचलला तर सांगा, पाणी बंद करून बाहेर या!" समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचा नंबर मागितला. तो वहिनींच्या फोनमध्ये. वॉचमनचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. किल्ली दुसरी कुणाकडे? कुणाकडेच नाही. एक वहिनींकडे, एक नानांच्या खिशात, बागेत.

मी स्कूटर काढली. द्वारकेचा चौक सकाळच्या वेळी कसा असतो ते नाशिककरांना सांगायला नको. बस, टेम्पो, रिक्षा, सगळे एकमेकांच्या पुढे नाक घालून उभे. मी मधल्या फटींतून गाडी घातली, शिव्या खाल्ल्या. पुणे रोडला लागल्यावर कानांत फक्त वारा आणि डोक्यात तो पिवळा जाळ. माझा खिशातला फोन वाजला तेव्हा मी चालत्या गाडीवर तो कानाला लावला. जन्मात कधी करत नाही असं.

"उचलत नाय ती," नाना म्हणाले. आवाज पार बसलेला. "पगारे, उचलत नाय."

"लावत राहा."

एका सिग्नलला लाल दिवा होता. मी थांबलो नाही.

इमारतीच्या फाटकातच वॉचमन झाडांना पाणी घालत होता. वयस्कर, सुरगाण्याकडचा, तुकाराम नावाचा. गाडी स्टँडवर न लावता मी तशीच आडवी टाकली.

"तुकाराम, गच्चीवर पळ! टाकीखालचे सगळे कॉक बंद कर!"

"कुणाचं सांगता, साहेब?"

"सगळे! सगळ्या बिल्डिंगचे!"

चेहरा पाहून तो पुढे काही विचारायला थांबला नाही. त्याने पाइप टाकला आणि लिफ्टकडे पळाला. पाणी थांबलं की रबरी पडदा मागे येतो आणि जाळ विझतो. त्या सेन्सरवाल्याने तो पडदा काढलेला नसणार, कारण तो काढला तर गिझर चालणारच नाही. कुलूप असलेल्या दाराआडचा जाळ विझवायचा तेवढा एकच मार्ग मला वाटेत सुचला होता.

मी जिन्याने वर गेलो. तेव्हाचे गुडघे आठवले की आज आश्चर्य वाटतं. नानांचं दार बंद. कान लावला. आत हॉलमध्ये फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. त्याच्या मागे, बारीक, शॉवरचा आवाज.

मी दार दोन्ही हातांनी बडवलं. "वहिनी! पाणी बंद करा! वहिनी!"

समोरचं दार उघडलं. कसबे मॅडम. सरकारी ऑफिसात नोकरी, हातात डबा, खांद्याला पर्स, निघालेल्याच होत्या. मी धाप टाकत सांगितलं. त्यांनी एकही फाटा फोडला नाही. डबा जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांची बाथरूमची खिडकी आमच्या बाथरूममधून दिसते. डक्ट एकच आहे. या."

आम्ही त्यांच्या बाथरूममध्ये शिरलो. मॅडमनी खिडकीच्या काचेच्या पट्ट्या भराभर उपसून बादलीत टाकल्या. डक्टच्या पलीकडे, हात पुरणार नाही इतक्या अंतरावर, नानांची खिडकी. काचांआड ते पांढरं प्लास्टिक. त्यावर आतून पिवळसर उजेड हलत होता. शॉवरचा आवाज इथे स्पष्ट येत होता.

आणि मग तो थांबला. तुकारामने कॉक बंद केले होते. प्लास्टिकवरचा उजेड गेला.

आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहिलो. अंगावर साबण असताना पाणी गेलं तर माणूस काय करतो? चिडतो, नळ फिरवतो, बादली आपटतो. आतून 'पाणी का गेलं' असा आवाज यायला हवा होता. काहीही आलं नाही.

"कुसुमताई!" मॅडम ओरडल्या. "ताई!"

काही नाही.

"काहीतरी लांब द्या," मी म्हणालो. मॅडम पळत जाऊन जळमटं काढायची काठी घेऊन आल्या. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो, मॅडमनी माझा पट्टा मागून दोन्ही हातांनी धरला. पहिल्या दणक्याला काचा फुटल्या. प्लास्टिक मात्र फाटेना. बागेवरचं प्लास्टिक, गारपीट सोसायला बनवलेलं. काठी त्यावरून घसरत होती. शेवटी मी एक कोपरा धरला आणि तिथेच टोचत राहिलो. चिकटपट्टी सुटली, एक बाजू लोंबली, आणि आतली वाफ भसकन डक्टमध्ये आली. काठीच्या टोकाने मी उरलेलं प्लास्टिक बाजूला सारलं. वहिनी दिसत नव्हत्या. फक्त भिंतीला टेकलेला एक हात दिसत होता, वाकड्या बोटांचा. हलत नव्हता.

बाहेर जिन्यात तोवर आरडाओरडा सुरू झाला होता. साऱ्या इमारतीचं पाणी गेलं होतं ना! चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर डोक्याला फेस आणि कमरेला टॉवेल अशाच अवतारात वॉचमनला शिव्या घालत खाली आले होते. मी त्यांना म्हणालो, "आत बाई बेशुद्ध आहे. दार तोडायचंय." त्या माणसाने शिवी अर्ध्यावर सोडली, टॉवेलची गाठ घट्ट केली आणि दाराला खांदा लावला. तुकाराम पहार घेऊन आला. कुलपाच्या बाजूची चौकट कडकडली, आणि दार आत गेलं.

बाथरूमची कडी मी लाथेने उखडली, पण आत आधी मॅडम गेल्या. जाताना त्यांनी पलंगावरची चादर ओढून घेतली होती. "श्वास धरून जा," मी म्हणालो, आणि स्वतः सिलिंडरकडे जाऊन गॅस बंद केला, हॉलची दारं-खिडक्या उघडल्या. मॅडमनी वहिनींना चादरीत गुंडाळलं आणि आम्हाला हाक मारली. मग आम्ही तिघांनी त्यांना उचलून बाल्कनीत आणलं. चेहरा लालसर दिसत होता, छान झोप लागल्यासारखा. ते पाहून टॉवेलवाले गृहस्थ म्हणाले, "रंग चांगला आहे की." मला माहीत होतं, तो रंग चांगला नसतो. त्या विषाचाच असतो.

त्या हवेत आमच्या सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मी वहिनींच्या तोंडाकडे बघत होतो. बराच वेळ काही दिसेना. मग एक अगदी बारीक वाफ निघाली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसरी.

अँब्युलन्समध्ये मी बरोबर गेलो. दवाखान्यात डॉक्टर नाडी बघता बघता विचारत होते, बीपीचा त्रास आहे का, गोळ्या कोणत्या. मी मधेच म्हणालो, "बंद बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता, डॉक्टर." त्यांनी मान वर केली, एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि ऑक्सिजनसाठी हाक दिली. 

नाना आले तेव्हा त्यांच्या पायांना माती होती आणि अंगाला धुराचा वास. कुणीतरी मोटरसायकलवर सोडलं होतं. वहिनींच्या तोंडावर मास्क होता, डोळे मिटलेले. नाना खाटेजवळ गेलेच नाहीत. दारातच उभे राहिले.

"जाऊ का आत?" त्यांनी मला विचारलं. एवढा मोठा माणूस, आवाज असा की मला वाकून ऐकावं लागलं.

"जा की."

"मीच लावलं ना ते प्लास्टिक. दुसऱ्यांदा बी मीच."

मला राग आला होता. वाटेत त्यांना काय काय सुनावायचं ते मी ठरवलंही होतं. पण त्यांचे हात पाहिले. पहाटेपासून शेकोट्यांत लाकडं घालून काळे पडलेले. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना खाटेपर्यंत नेलं. संध्याकाळी वहिनींनी डोळे उघडले आणि समोर नानांना बघून विचारलं, "बाग वाचली का?" तिथे नानांचा बांध फुटला.

तो सेन्सर काढणारा कोण ते मी नानांना विचारलं. निघाला ओळखीचा. दिनेश त्याचं नाव, आमच्याच भागातला, कामाला वाईट नाही. मी त्याला दवाखान्याबाहेर बोलावून घेतलं. तो आला, ऐकलं आणि पायरीवर मटकन बसला.

"पगारेभाऊ, लोक म्हणतात बंद पडतोय, चालू करून द्या. मी चालू करून देतो. मला वाटलं, सेन्सर खराब असंल."

मी विचारलं, "आणखी किती ठिकाणी केलंय?"

तो बोटांवर मोजायला लागला. मग म्हणाला, "माझ्याबरोबर याल का? एकट्याला मला त्या घरांत जाववणार नाही."

गेलो. आम्ही दोघं घरोघर हिंडलो. त्याला आठवतील तेवढी घरं. आता वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. चांगला चालणारा गिझर बंद करायला आलेल्या माणसांचं कोण स्वागत करणार? एका घरी बाई म्हणाल्या, "काम काढायचे धंदे आहेत तुमचे." एका घरी दारच उघडलं नाही. दिनेश प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य बोलायचा, "माझ्या हातून चूक झालीय, मला ती सुधारू द्या." दुसऱ्या, तिसऱ्या घरी त्याची जीभ अडखळत होती. नंतर नंतर तो घरच्यांच्या डोळ्यांत बघून बोलू लागला. एका घरी त्याने खुर्चीवर चढून खिडकीत कोंबलेली गोधडी काढली. त्या खोलीत एक बाळंतीण होती. जिथे दार उघडलं नव्हतं, तिथे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. शेवटी त्यांनी घेतलं त्याला आत.

खंत एवढीच, की हे शिकवणारं आम्हाला कुणी नव्हतं. दिनेशला नाही आणि मलाही नाही. त्या दिवशी डोकं आधी की पाणी आधी, हे विचारायचं मला सुचलं नसतं तर वहिनींच्या 'डोकं जड होतं'ला मीही बीपी म्हणून सोडून दिलं असतं.

वहिनी घरी आल्यावर मी आणि दिनेशने मिळून गिझर बाहेरच्या बाल्कनीत लावला. बाथरूमच्या खिडकीच्या काचा पुन्हा बसवल्याच नाहीत, नुसती जाळी लावली. दिनेश नळ्या जोडत होता तेव्हा मी वहिनींजवळ बसलो होतो. मनात असलेला प्रश्न विचारलाच.

"वहिनी, त्या दिवशी काहीच कळलं नाही का? घुसमटल्यासारखं, घाबरल्यासारखं?"

"नाही हो भाऊ," त्या म्हणाल्या. "छान वाटत होतं. कित्येक महिन्यांनी काहीच दुखत नव्हतं. मला वाटलं, आजच्या दिवस आणखी जरा बसू. गार पडलं असतं तर उठले असते."

दारात उभे असलेले नाना वळून बाल्कनीत निघून गेले.

काम झालं. वहिनी म्हणाल्या, बघूनच घेते आता. त्या बाथरूममध्ये गेल्या. दाराची मी उखडलेली कडी नानांनी पुन्हा बसवलीच नव्हती, दार नुसतं लोटलेलं. शॉवर सुरू झाला. बाल्कनीत जाळ भक्कन पेटला, निळा, सरळ. दिनेशने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

नानांनी खुर्ची ओढली आणि बाथरूमच्या दाराला टेकून बसले.

"कुसुम, यंदा छाटणी लवकर घ्यावी म्हणतो."

"घ्या," आतून आवाज आला.

"खालच्या प्लॉटात मणी बरे ऱ्हायलेत."

"हं."

"हं काय? नीट बोल."

"बरे राहिलेत. ऐकलं!"

मी पिशवी भरली. आम्ही निघालो तरी नाना बोलत होते. बैलाचं, मजुरांचं, कुणाच्या तरी लग्नाचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. आतून वहिनींचा आवाज आला, की पुढचं वाक्य.